पावसाळा खाल्लेले चिरे

दगडालाही प्रत असते, हे मला पहिल्यांदा एका सरकारी कागदाने सांगितलं. कागद इंग्रजीत टाइप केलेला होता आणि आमच्या गावात तो वाचू शकणारा मी एकटा होतो. काळा दगड पहिल्या प्रतीचा. शहाबादी फरशी जमिनीसाठी मंजूर. आणि जांभा, ज्याच्यावर आमचं अख्खं गाव उभं होतं, तो 'अधिकाऱ्याच्या पसंतीस उतरल्यास' चालेल. म्हणजे आमचे आजे-पणजे ज्या भिंतींच्या आड जन्मले आणि मेले, त्या भिंती कुणा साहेबाच्या पसंतीची वाट बघत उभ्या होत्या. हे वाचून मला तेव्हाच राग यायला हवा होता. आला नाही. उलट हे आपल्याला वाचता येतं, याचाच ताठा आला. राग पुढे आला, आणि आला तो आजतागायत गेलेला नाही.

आमचं गाव मुरुडपासून पायी दीडेक तास आत. खाली भातखाचरं आणि वर सडा. सडा म्हणजे सपाट, उघडा, लाल माळ. त्यावर माती नावाला, खाली सगळा जांभा. माझा बाप, त्याला आम्ही 'बा' म्हणायचो, पावसाळ्यात खाली भात लावायचा आणि दिवाळी झाली की वर सड्यावर चिरे काढायचा. जांभ्याचा चौकोनी तासलेला दगड म्हणजे चिरा. बाला 'अहो-जाहो' मी कधी केलं नाही, इथेही करणार नाही. आमच्यात बापाला 'तू'च म्हणतात, आणि त्यात मान कमी आहे असं ज्याला वाटतं त्याने आमच्यात जन्म घेऊन बघावा.

चिऱ्याची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. खाणीतून निघतो तेव्हा तो मऊ असतो. नखाने ओरखडा काढला तर उठतो. मऊ असतो म्हणून तर टिकावाने आणि चपट्या पात्याच्या कुऱ्हाडीने माणसाच्या हातून निघतो. पण तसा ओला चिरा लगेच भिंतीत घालायचा नसतो. उघड्यावर, मधून वारा जाईल अशी थप्पी रचून तो ठेवायचा, एक अख्खा पावसाळा. चार महिने त्याने पाऊस खायचा, मग ऊन खायचं. त्याच्या भोकांतली सैल माती धुऊन जाते आणि उरतं ते लोखंडासारखं कडक होतं. आमच्याकडे त्याला 'पावसाळा खाल्लेला चिरा' म्हणतात. कुणाच्या अंगणात चिऱ्यांची थप्पी दिसली की गाव ओळखायचं, पुढच्या वर्षी इथे नवी खोली उठणार आणि नवी सून येणार. घाई असलेल्या माणसाला बा चिरे देतच नसे. "तुला घर बांधायचं हाय का तंबू?" असं विचारायचा.

पावसाळा खाल्लेला चिरा दिसायला मात्र वाईट. लाल रंग जातो, अंगावर काळं शेवाळ चढतं, भोकांतून नेच्याची बारीक पानं फुटतात, कडा बोथट होतात. ओला चिरा कसा, नुकत्याच कापलेल्या कलिंगडासारखा लाल, धारदार कडांचा. ज्याला माहीत नाही तो हमखास ओलाच निवडणार.

बाला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण दगड त्याला वाचता येत होता, आणि नुसता जांभाच नाही. काळा दगड त्याच्या मते जोत्याचा आणि उंबऱ्याचा. "त्याला वझं द्यावं, त्याच्याकडून गोडवा मागू नये," असं म्हणायचा, कारण काळ्या दगडाची भिंत उन्हाळ्यात रात्रभर धग सोडते. आई त्यावर म्हणायची, "मंग तुज्या लाल दगडावर एकदा चटणी वाटून दाव." आमचा पाटा काळाच होता. शहाबादी फरशी त्याने मुरुडच्या एका व्यापाऱ्याच्या ओटीवर बसवली होती. तिला तो 'पोथीचा दगड' म्हणायचा, कारण ती पानं सुटावीत तशी थराथराने सुटते. त्या व्यापाऱ्याच्या माजघरात संगमरवरही होता. त्याबद्दल बाचं म्हणणं असं, की तो पाव्हण्यांचा दगड हाय, घरचं माणूस त्याच्यावर मांडी घालून जेवत न्हाय.

मी बी.ए. झालो. हे वाक्य मी असंच, सुटं लिहिणार आहे, कारण आमच्या घरात ते त्याआधी कुणाला लिहिता आलं नव्हतं. संस्थान विलीन झालं तेव्हा मी मराठी शाळेत होतो, आणि दहाएक वर्षांनी मुंबईत पदवीचा काळा झगा भाड्याने घेऊन उभा होतो. बा त्या दिवशी रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरला आणि पत्ता विचारत विचारत कॉलेजात आला. मी त्याला इमारत दाखवायला लागलो, तर तो माझ्याआधीच भिंतीपाशी गेला होता. बोटाच्या पेराने तो भिंत वाजवत होता, कलिंगड वाजवावं तशी.

"ह्यो काळा समजला," तो म्हणाला. "ह्यो पिवळा कुटला?"

"जवळचाच आहे. मालाडकडचा म्हणतात."

"आन खिडकीभोवती पांढरा?"

"तो पोरबंदरचा असेल. गलबतातून यायचा."

"मऊ हाय. नक्षी काढायला बरा. पन खारं वारं त्याला खातंय बघ," आणि त्याने खांबाचा कोपरा अंगठ्याने चोळून पांढरी पूड मला दाखवली.

तेवढ्यात दरवान ओरडला, "ओ बाबा, भिंत काय कुणाच्या बापाची आहे का? व्हा बाजूला." आजूबाजूची मुलं हसली. माझ्या अंगात काळा झगा होता. हा माझा बाप आहे आणि तुझ्या साहेबापेक्षा त्याला या भिंतीतलं जास्त कळतं, एवढं मी बोलायला हवं होतं. मी झग्याची बाही सारखी करत राहिलो. बा स्वतःच बाजूला झाला आणि दरवानाला म्हणाला, "बापाची न्हाय, पन कुणातरी बापानंच रचली आसल ना." दरवानालाही हसू आलं. मला नाही आलं.

मी गावी परतलो आणि आमच्याकडे नुकत्याच निघालेल्या हायस्कूलात मास्तर झालो. हायस्कूल म्हणजे नारळाची एक जुनी वखार. सोललेल्या सोडणांचा वास, आणि पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी. इमारत बांधायची म्हणून गावाने कमिटी केली. अध्यक्ष होते बोटीवरून निवृत्त झालेले एक सारंग. मुसलमान मोहल्ल्यातले, दाढी मेंदीने रंगवलेले, अर्धं जग बघून आलेले. त्यांना सगळा गाव चाचा म्हणे. त्यांना स्वतःला सहीपुरतं येत होतं, आणि म्हणूनच शाळेसाठी त्यांच्याइतकं कुणी झिजलं नाही. चिटणीस मी, कारण इंग्रजी पत्र लिहिणारा दुसरा कोण होता? निम्मा खर्च सरकार देणार आणि निम्मा गावाने श्रमाने आणि सामानाने भरायचा, असं ठरलं. कुणी वासे दिले, कुणी चुना, कुणी बैलगाड्या. बाने चिरे दिले.

किती दिले ते मी मोजून सांगत नाही, कारण त्यानेही मोजले नव्हते. दिवाळीपासून वैशाखापर्यंत एक अख्खा मोसम त्याने दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही. चिरे गाडीने आणून शाळेच्या जागेवर थप्प्या रचल्या, आणि पुढचा पावसाळा ते तिथेच पाऊस खात राहिले. श्रावणात तो छत्री घेऊन तिकडे जायचा आणि थप्पीतला एखादा चिरा फिरवून ठेवायचा, भाकरी परतावी तसा. लोक म्हणायचे, "काय, अंडी उबवतोस का?" तो म्हणायचा, "व्हय, शाळा निघनार हाय त्यातनं."

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. थंडीत सरकारी ओव्हरसियर आला. वय माझ्याएवढंच. घाटावरचा, डोक्यावर हॅट, काखेत नकाशाची गुंडाळी. तो माणूस वाईट नव्हता हे मी आज लिहितो, पण लिहिताना दात चावून लिहितो. त्याच्या मुलखात सगळं काळ्या दगडाचं. जांभा त्याने पुस्तकात वाचलेला आणि येताना आगरदांड्याच्या धक्क्यावर शिडाच्या पडावातून उतरताना बघितलेला, तो ओला.

थप्पीपाशी येऊन त्याने बुटाच्या टोकाने एका चिऱ्यावरचं शेवाळ खरवडलं.

"हे काळं काय आहे?"

"शेवाळ हाय, सायेब," बा म्हणाला.

"नव्या दगडावर शेवाळ?"

"नवा म्हंजे गेल्या साली काढलेला."

"मग नवा कसा? जुना म्हणा."

"जुना न्हाय सायेब. पिकलेला."

"दगड पिकतो?" असं म्हणून ओव्हरसियर हसला. त्याच्याबरोबरचा कारकून हसला. जमलेल्यांपैकी दोघे-चौघेही हसले. साहेब हसला की आमच्याकडे हसायची पद्धत होती. मीही हसलो. मोठ्याने नाही, ओठातल्या ओठात, पण हसलो.

मग ओव्हरसियरने बोथट कडांवर बोट ठेवलं. नेच्याचं पान उपटून सगळ्यांना दाखवलं. आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, की हा माल कुठल्यातरी पडक्या घराचा काढून आणलेला दिसतो. गावाचा वाटा म्हणून सरकारच्या गळ्यात वापरलेला दगड मारता येणार नाही. "धक्क्यावर मी आत्ताच बघितले," तो म्हणाला. "लाल, कोरे, काटकोनातले. तसे आणा."

बाचा चेहरा मी पाहिला. त्याला कुणी आळशी म्हणालं असतं, वेडा म्हणालं असतं, तरी चाललं असतं. पडक्या घराचे चिरे चोरून आणणारा, असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ज्या माणसाने घाईवाल्याला कधी ओला चिरा विकला नाही, त्याला.

तो म्हणाला, "ते कोवळे हायत सायेब. ह्या साली भिंतीत घातले तर पुढल्या साली भिंत न्हाय."

"तुम्ही मला शिकवू नका."

बाने माझ्याकडे पाहिलं. आणि इथे मला माझ्याबद्दल सांगायचं आहे. मला माहीत होतं. मी खाणीवर वाढलो होतो. ओल्या चिऱ्यावर नखाने माझं नाव कोरून लिहायला शिकलो होतो. तिथे उभ्या असलेल्या सुशिक्षितांपैकी ही गोष्ट माहीत असलेला मी एकटा होतो. पण माझ्या हातात तो टाइप केलेला कागद होता, आणि त्यात लिहिलं होतं, अधिकाऱ्याच्या पसंतीस उतरल्यास. मी म्हणालो, "बा, साहेब म्हणतात ते नियमाला धरून आहे."

त्याने टोपी सारखी केली आणि सड्याची वाट धरली.

चाचांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, तुझा बाप खरा आहे, हे मला पण समजतं. पण मार्च संपायच्या आत भिंती उभ्या दिसल्या नाहीत तर ग्रँट परत जाईल. गेली तर आपली पोरं अजून दहा साल वखारीत बसतील. तुफानात नाखवा पहिलं जहाज बघतो, मग सामान. सामान पाण्यात टाकावं लागतं कधी कधी."

"सामान नाही चाचा, माणूस आहे," असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं."

त्याच रात्री नव्हे, तीन दिवस विचार करून, शाळेच्या वेळात, दिवसाउजेडी मी ओव्हरसियरच्या कचेरीला पत्र लिहिलं. रागाच्या भरात झालं म्हणायलाही जागा ठेवली नाही. जागेवर पडलेला जुना, वापरलेला दगड नाकारून हटवण्यात आला असून नवीन माल मागवला आहे, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य मी स्वतः जुळवलं. दोनदा खाडाखोड करून जुळवलं. वाक्य चांगलं झालं होतं, हे मला अजून आठवतं, आणि मला सगळ्यात जास्त चीड येते ती त्याचीच. खाली चिटणीस म्हणून सही केली आणि सहीपुढे बी.ए. लिहिलं.

गावात काही झाकून राहत नाही. जेवताना बाने विचारलं, "कागदावर 'वापरलेला' आसं हाय?"

"साहेबांनी सांगितलं तसं..."

"सायेब काय म्हनला ते मी माज्या कानानं ऐकलंय. कागद कुनी लिवला?"

"मी."

"मंग तसं सांग ना."

आईने त्याच्या ताटात भात वाढला, आणि मला म्हणाली, "तुला काय वाढू, का कागद खाशील?" बा जेवून उठला. दुसऱ्या दिवशी गाड्या घेऊन गेला आणि सगळे चिरे शाळेच्या जागेवरून उचलून आमच्या परसात आणून रचले. चार दिवस लागले. मदतीला मी गेलो नाही. त्याने बोलावलं नाही, असं मी स्वतःला सांगत होतो.

ओले चिरे खाडीपलीकडच्या एका खाणीतून आले. त्या खाणवाल्याला दोष नाही. "एवढे ओले चालतील का?" म्हणून त्याने धक्क्यावरच विचारलं होतं. त्यांतल्या पुष्कळ चिऱ्यांना पांढरे-पिवळे डोळे होते. खाण खोल गेली की असा मातीचा दगड लागतो, आमच्याकडचं पोरही तो टाकून देईल. ओव्हरसियरला ते डोळे आवडले. नक्षीसारखे दिसतात, म्हणाला. जोतं नियमाप्रमाणे काळ्या दगडाचं झालं, भिंती लाल, जमिनीला शहाबादी. मार्चअखेर इमारत खरोखर देखणी दिसत होती. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यांनी भाषणात त्या लाल रंगाची तारीफ केली. बा उद्घाटनाला आला नाही. गाव म्हणालं, रुसलाय म्हातारा.

पाऊस लागला. आधी शहाबादी फरशी घामेजली, कारण खिडक्यांना अजून झडपा नव्हत्या. पोरं सरसर घसरून पडायची आणि मुद्दाम पुन्हा घसरायची. आषाढात पश्चिमेच्या भिंतीतून लाल पाणी यायला लागलं. फळ्याखाली रोज सकाळी लाल गाळाची रेघ दिसायची. मी बोट लावून पाहिलं. चिरा रवाळ झाला होता, भिजलेल्या गुळाच्या ढेपेसारखा. मी पोरांना त्या भिंतीपासून उठवून पूर्वेला बसवलं आणि चाचांना सांगितलं. चाचांनी ओव्हरसियरला निरोप धाडला. ओव्हरसियरने कळवलं, गिलावा करू.

नारळी पौर्णिमेची सुट्टी होती. भर दुपारी पश्चिमेचा कोपरा बसला आणि त्याबरोबर दोन खिडक्यांमधला खांब. आत कुणी नव्हतं. लोक म्हणाले, देवाची कृपा. मी म्हणतो, देवाला कशाला मध्ये आणता? सुट्टी होती म्हणून पोरं वाचली. आदल्या दिवशी त्याच खोलीत मी चाळीस पोरांना भूगोल शिकवत होतो, आणि कोकणातला दगड कोणता, हाच धडा होता.

बा बघायला आला. ढिगातला एक तुकडा त्याने मुठीत दाबला. लाल चिखल झाला. तो हात त्याने पावसातच धुतला आणि निघून गेला. 'मी म्हनलो नव्हतो का' हे वाक्य त्याने उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

महिन्याने अहवाल आला, तोही इंग्रजी. त्यात ओव्हरसियर नव्हता, घाई नव्हती, मार्च नव्हता. स्थानिक दगड निकृष्ट, असं होतं. गावाने आधी वापरलेला जुना माल पुरवला होता, पुढचा मालही त्याच मुलखातला, सबब या भागात सरकारी कामाला जांभा न वापरता सिमेंटच्या विटा वापराव्यात. आणि जुन्या मालाचा पुरावा म्हणून माझ्याच पत्राचा हवाला दिला होता. खाली कमिटीने 'मान्य' म्हणून सही करायची होती, म्हणजे नव्या भिंतीसाठी पैसे सुटणार होते.

ओला दगड ज्याने निवडला तो सुटला, आणि ज्याने नाकारला तो कागदावर चोर राहिला. वर सगळ्या सड्याला, आमच्या बापजाद्यांच्या घरांना, शिक्का, निकृष्ट. आणि शिक्क्याला शाई माझी.

चाचा म्हणाले, "कर सही, मास्तर. दगडाला अब्रू नसते."

"दगड काढणाऱ्याला असते," मी म्हणालो. हे मी बोललो. उशिरा, पण बोललो.

सही मी केली नाही. वेगळं निवेदन लिहिलं, या वेळी मराठीत. पहिल्या थप्पीतले चिरे नवे होते, एक पावसाळा मुरवलेले होते, माझ्या वडिलांनी ते स्वतः काढले होते. ओला दगड घालू नये असं त्यांनी सर्वांदेखत बजावलं होतं. ते माहीत असूनही मी खोटं पत्र लिहिलं. संध्याकाळी ओटीवर बसून मी ते बाला वाचून दाखवलं. तो विडी विझवून ऐकत होता.

"पुन्हा वाच. ते 'माझ्या वडिलांनी'वालं."

मी वाचलं.

"ते खोड."

"का?"

"सायेब म्हनल, पोरगं बापाची बाजू घेतंय. एका खानवाल्यानं, आसं लिव."

"पण तू माझा बाप आहेस."

"ते हितं हाय. कागदावर नको. कागदावर दगडाचं खरं ऱ्हाऊ दे."

मी खोडलं. सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माणसाच्या मुलाने बापाचं नाव लिहिलं तर ते साक्षीला चालतं, अनुभवी म्हणून चालतं. आमच्या बापाचं नाव आलं की ती तरफदारी होते. हे बाला न शिकता कळत होतं आणि मला शिकूनही तोवर कळलं नव्हतं. निवेदन रजिस्टर पोस्टाने गेलं. पोच आली, उत्तर आलं नाही. चाचांनी अहवालावर एकट्यांनी सही केली. मला चिटणीसपदावरून काढलं. भिंत सिमेंटच्या विटांची झाली.

पुढच्या थंडीत चाचा आमच्या घरी आले. मशिदीच्या अंगणाला नवी फरसबंदी घालायची होती. परसातल्या, शेवाळाने काळ्या पडलेल्या चिऱ्यांवरून त्यांनी हात फिरवला.

"हे देतोस का?" त्यांनी बाला विचारलं.

"वापरलेले हायत," बा म्हणाला. "चालतील?"

चाचांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मारतोस ते बरोबर मारतोस. बोल, काय घेणार?"

"पैसा नको. शुक्रवारी तुमची मान्सं नमाज करून बाहेर येतील, तवा सगळ्यांसमोर सांगा, चिरे नवे व्हते, माज्या हाताचे व्हते. आमच्या बाजूचं गाव पन बोलवा."

चाचा आले तसे गेले नाहीत, आधी ओटीवर बसून चहा प्याले. आणि शुक्रवारी त्यांनी सांगितलं. भर रस्त्यात, दोन्ही बाजूंची माणसं उभी असताना, बोटीवर हुकूम द्यायच्या आवाजात. "ह्या माणसाचा दगड नवा होता. चूक माझी, आणि मास्तरची." माझं नाव त्यांनी गाळलं नाही, ते बरंच केलं. त्यानंतर गावात बाला कुणी काही बोललं नाही. थट्टेत 'दगड पिकलाय का?' असं विचारणारेही गप्प झाले. ते चिरे अंगणात बसवायला बा स्वतः गेला. मीही गेलो. दिवसभरात त्याने मला दोनच वाक्यं ऐकवली, एक 'वाकून उचल' आणि दुसरं 'चहा घेऊन ये'.

गावाच्या तोंडी बाचं नाव असं धुऊन निघालं. सरकारी कागदावर मात्र निघालं नाही. बा मेल्यावर मी दोनदा अर्ज केला, की ते पत्र रद्द झाल्याची नोंद द्यावी. पहिल्या वेळी कारकून म्हणाला, तुमचीच सही आहे, मग तुमचं म्हणणं काय आहे? दुसऱ्या वेळी म्हणाला, एवढी जुनी फाईल कोण शोधतो. तेव्हा ती कुठल्यातरी कपाटात असणारच. कुणी उघडली तर त्याला कळेल, की आमच्या गावातल्या एका खाणवाल्याने सरकारला वापरलेला दगड दिला, आणि हे गावातल्या पहिल्या पदवीधराने चांगल्या इंग्रजीत लिहून ठेवलं आहे.